सही बहिणीची, मर्जी कोणाची? हक्कसोडीचा कागद, कायदा अन् आपली नीती

तहसीलसमोर माझं झेरॉक्स अन् ऑनलाईन अर्जांचं लहानसं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात, तालुका काही सांगत नाही. दिवाळीनंतर कापसाचा पहिला वेचा झाला की, अन् मग उन्हाळ्यात वावरं रिकामी झाली की, माझ्याकडं एक ठरलेला घोळका येतो. पुढं भाऊ, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, बापाचा मृत्यूचा दाखला. मागं दोन-तीन बहिणी, पोरीबाळी घेऊन, एसटीनं आलेल्या. भाऊ म्हणतो, "सगळ्याइच्या आधारच्या दोन-दोन झेरॉक्स द्या भाऊ, हक्कसोड कराची हाये." बहिणी बाकावर बसतात, चहा येतो, भाऊ अर्जनवीसाकडं जातो, दोन तासानं सगळे नोंदणीला जातात अन् संध्याकाळच्या गाडीनं बहिणी आपापल्या गावी परत. या सगळ्यात त्या बायांना कागद कोणी वाचून दाखवलेला मी क्वचितच पाहिला.

अन् हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. २०१२ साली माझ्या दोन बहिणींच्या सह्या मीच घेतल्या. त्याच्याबद्दल पुढं सांगतो, आधी हा कागद आहे काय ते समजून घेऊ.

हक्कसोड पत्र म्हणजे, बापाच्या मागं राहिलेल्या जमिनीत माझा जो हिस्सा आहे तो मी राजीखुशीनं सोडते, असं बहिणीनं लिहून देणं. दुय्यम निबंधकाकडं त्याची नोंदणी होते, मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागतं, मग तलाठ्याकडं फेरफार पडतो अन् सातबाऱ्यावर फक्त भावाचं नाव राहतं. कायदा, नैतिकता, मानवी हक्क हे शब्द आपण बहुतेक १० डिसेंबरच्या, म्हणजे मानवी हक्क दिनाच्या भाषणात ऐकतो अन् वाटतं की हे दिल्लीचं, मोठ्या कोर्टाचं काहीतरी असेल, पण मी रोज पाहतो त्यावरून सांगतो, या तिघांची खरी गाठ पडते ती या चार पानांच्या कागदावर. कायदा बहिणीला हिस्सा देतो, गावाची नीती तो परत घेते, अन् मानवी हक्काचा प्रश्न असा की मधल्या मधे त्या बाईची स्वतःची मर्जी कोणी विचारली का.

आता कायद्याकडं येऊ. जुन्या रीतीत वडिलोपार्जित जमीन म्हणजे बाप अन् पोरं यांची, पोरीला लग्नात जे काय द्यायचं ते देऊन मोकळं. विधवेला १९३७ च्या कायद्यानं नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला, पण जगेपर्यंत वापरायला, स्वतःच्या मर्जीनं विकायची मुभा जवळपास नाहीच. मग बाबासाहेब आंबेडकर कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिल आलं, त्यात मुलीला मुलाइतकाच वाटा होता, अन् नेमका त्याच गोष्टीला संसदेत अन् बाहेर मोठा विरोध झाला. बिल अडकलं, अन् १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी राजीनामा दिला, त्याच्या कारणांमधलं एक मोठं कारण हे बिल. आपल्याकडं गावोगाव त्यांची जयंती होते, मिरवणूक निघते, डीजे लागतो, पण बहिणीच्या वाट्यासाठी या माणसानं मंत्रिपद सोडलं हे किती घरात सांगितलं जातं मला माहीत नाही, सांगितलं पाहिजे असं मला फार वाटतं.

पुढं त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले, त्यातला हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात बाईच्या नावे आलेली मालमत्ता पूर्ण तिच्या मालकीची झाली, मुलगी अन् विधवा पहिल्या वर्गाच्या वारस झाल्या. पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क मात्र मुलालाच राहिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींनाही तो दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या, म्हणजे एकाच घरात मोठीला नाही अन् धाकटीला आहे असं झालं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशात कायदा बदलला, मुलगी जन्मानंच मुलासारखी हिस्सेदार, लग्न झालेलं असो की नसो. त्यावरही पंधरा वर्षं कोर्टात वाद चालला की २००५ ला बाप जिवंत पाहिजे की नाही, एका निकालात पाहिजे म्हटलं, दुसऱ्यात वेगळं, शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगून टाकलं की हक्क जन्माचा आहे, बाप त्या तारखेला जिवंत असायची अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या अन् विक्री उकरून काढता येत नाही.

हे हवेत राहू नये म्हणून आमच्याच घराचा हिशोब मांडतो. वडिलोपार्जित ८ एकर. बाप वारला, मागं आई, मी अन् दोन बहिणी. मुलीला जन्मानं हक्क नव्हता तेव्हाचा जुना नियम लावला तर आधी बाप, आई अन् मुलगा असे तीन भाग मानायचे, मग बापाच्या भागाचे चार वारसांत चार, म्हणजे एका बहिणीला बारावा हिस्सा, साधारण २७ गुंठे. आताच्या नियमानं बाप, आई, मुलगा, दोन मुली असे पाच भाग, मग बापाचा पाचवा भाग पुन्हा चौघांत सारखा, गोळाबेरीज केली तर प्रत्येकाला बरोबर चौथा हिस्सा, २ एकर, म्हणजे ८० गुंठे. २७ अन् ८०. कायद्यातली एक ओळ बदलली की वावरातला धुरा, म्हणजे बांध, इतका सरकतो. जमीन बापानं स्वतः कमावलेली असती अन् मृत्यूपत्र केलं नसतं तरी चौथाच हिस्सा आला असता. मृत्यूपत्र केलं तर गोष्ट वेगळी, स्वतःच्या कमाईची जमीन अन् वडिलोपार्जितमधला स्वतःचा हिस्सा बाप कोणालाही देऊ शकतो, पण मुलीचा जन्मानं आलेला हिस्सा त्याला देता येत नाही, कारण तो त्याचा नाहीच.

हा कायदा हिंदूंसोबत बौद्ध, जैन, शीख यांनाही लागतो, दुकानात पुष्कळ बौद्ध बंधू विचारतात म्हणून सांगितलं. मुसलमान कुटुंबांना त्यांचा वेगळा आहे. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागत नाही, तिथं रूढी चालते, अन् रूढी म्हटलं की बाईला नाही असंच धरून चालतात. पण जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की बाईला हिस्सा नाही अशी रूढी कोणी सिद्धच केलेली नसेल तर समानतेच्या तत्त्वावर तिला हिस्सा द्यावा लागेल. आमच्या जिल्ह्यातल्या झरी-केळापूरकडच्या आदिवासी लोकांनी हे लक्षात ठेवावं.

मग एवढा कायदा असताना बाकावरच्या त्या बाया सह्या का करतात? इथं नीती येते, अन् मी तिला वाईट म्हणून मोडीत काढणार नाही कारण मी त्यातच वाढलो. आमच्याकडं बहिणीसाठी माहेर म्हणजे आयुष्यभराचा आधार, बाळंतपणाला माहेर, दिवाळी अन् राखीला माहेर, नवऱ्याचं पटलं नाही तर रात्री-बेरात्री दार ठोठावायला माहेर, अन् ते दार उघडणारा भाऊ. भावानं बहिणीच्या पोरांचा मामा व्हायचं, लग्नात आहेर करायचा, अन् बहिणीनं वाटा मागायचा नाही. हा एक न लिहिलेला करार आहे अन् पुष्कळ भाऊ तो इमानानं पाळतात. लोक म्हणतात, "लग्नात खर्च केला न, तोच तिचा वाटा." पण हुंडा पोरीच्या हातात पडत नाही, तो सासरी जातो, अन् हुंडा घेणं-देणं तर १९६१ पासून गुन्हा आहे, गुन्ह्याच्या पैशाला वाटा कसं म्हणायचं? अन् हा करार न लिहिलेला असल्यामुळं बहिणीची बाजू कागदावर पक्की होते, भावाची बाजू मात्र तोंडीच राहते. उद्या भाऊ वारला, वहिनीचं जमलं नाही, भाच्यानं ओळख दिली नाही, तर तिनं कोणता कागद दाखवायचा?

मानवी हक्क म्हणजे तरी काय, तर माणूस म्हणून जन्मली एवढ्याच कारणानं जे तिचं आहे ते, कोणी उपकार म्हणून दिलेलं नाही अन् कोणी रागावून काढून घेऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमाच्या मसुद्यात सगळे 'पुरुष' समान जन्मतात अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता, भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तो बदलून सगळी 'माणसं' असा करायला लावला. एका शब्दासाठी भांडल्या, पण त्या शब्दात आपल्या माय-बहिणी आल्या. त्याच जाहीरनाम्याच्या १७ व्या कलमात मालमत्तेचा हक्क आहे. आपल्या राज्यघटनेत १४ अन् १५ कलमात समानता आहे. मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत होता, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो मूलभूत हक्कांतून निघाला अन् ३०० अ कलमात गेला, तरी कायद्याशिवाय कोणाची मालमत्ता काढता येत नाही हे कायम आहे.

मला वाटतं सगळं येऊन अडतं ते 'राजीखुशीनं' या शब्दावर. सही झाली म्हणजे संमती झाली, असं आपण धरून चालतो. नोंदणीच्या टेबलावर साहेब विचारतात, सही तुमची आहे का, मजकूर मान्य आहे का. बाई मान हलवते, अंगठा, फोटो, झालं. भाऊ शेजारी उभा, मागच्या बाजूला आई डोळे पुसत. तिथं ती नाही म्हणू शकते का? ज्या हो मागं नाही म्हणायची मुभा नव्हती, तो हो कसला.

संमतीची ही गोष्ट आपल्या विदर्भानं फार वाईट रीतीनं शिकलेली आहे. १९७२ मध्ये देसाईगंजला, तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली, एका आदिवासी पोरीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाला. हायकोर्टानं दोन पोलिसांना शिक्षा दिली, पण १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडून दिलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे तिची संमती असावी. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर अन् लोतिका सरकार यांनी, सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं की गप्प राहणं अन् संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशभर बाया रस्त्यावर आल्या, अन् १९८३ मध्ये कायदा बदलला, पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी बाई म्हणाली की माझी संमती नव्हती तर कोर्टानं तेच धरून चालायचं. बलात्कार अन् हक्कसोड एका तागडीत तोलत नाही मी, कोणी तसं समजू नये. पण लोकांची नीती कायद्याच्या पुढं गेली अन् तिनं कायद्याला ओढून आणलं, असं या भागात एकदा झालेलं आहे. वारसाच्या बाबतीत उलटं झालं, कायदा २००५ ला पुढं गेला अन् आपली नीती मागं राहिली.

आता भावांची भीती. खरी आहे ती, उडवून लावायची नाही. दुकानात मला म्हणतात, "बहिणीचं नाव लागलं तं उद्या जावाई येऊन वावरात उभा राहीन." एक तर सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे लगेच जमिनीचे तुकडे होणं नाही, सगळ्यांची नावं सामाईक राहू शकतात अन् भाऊच वाहू शकतो, वाटल्यास बहिणीला मक्त्यासारखे पैसे किंवा तुरीचं पोतं देतो. दुसरं, वारसा कायद्याच्या २२ व्या कलमानं, एखाद्या वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल तर बाकीच्या वारसांना आधी घ्यायचा अधिकार आहे, अन् २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे शेतजमिनीलाही लागतं. म्हणजे बहीण परक्याला विकायला निघाली तर भाऊ आडवा येऊन म्हणू शकतो, मला दे. तिसरी अडचण पीक कर्जाची, बँक सगळ्या खातेदारांच्या सह्या मागते अन् बहीण असते पुण्यात किंवा सुरतेत. हा त्रास आहे, कबूल. पण वर्षातून एकदा सहीला बोलवायचा त्रास नको म्हणून जन्माचा हक्क सोडून घ्यायचा, हा हिशोब मला पटत नाही.

अन् याची दुसरी बाजू बघा. आपल्याकडं शेतकऱ्यानं जीव दिला की मागं राहिलेली बाई कर्ज फेडते, वावर करते, पण सातबारा बहुतेक सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर. जमीन वडिलोपार्जित असली तर नवऱ्याचा हिस्सा तिला अन् तिच्या लेकरांना आलेलाच असतो, पण सासरचे म्हणतात तू लहान आहेस, दुसरं लग्न करशील, सही कर. दुसरं लग्न केलं तरी आधी मिळालेला वारसा परत जात नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीक कर्ज नाही, पीएम किसानचे पैसे नाहीत. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ याच्यासाठीच काढली होती, नवऱ्यानं जिवंतपणीच बायकोच्या नावे जमीन करून द्यायची, अन् पुष्कळ गावांत साध्यासुध्या शेतकऱ्यांनी ती दिली, कोणत्याही कोर्टाच्या हुकमाशिवाय. नीती बदलते, गावातच बदलते, हे मी त्यावरून म्हणतो.

ज्या बाया हे वाचत असतील त्यांना काही गोष्टी सांगतो. बाप वारल्यावर तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज जातो तेव्हा सगळ्या वारसांची नावं त्यात आहेत का हे आधी बघा. भावानं फक्त स्वतःचं नाव दिलं तर फेरफाराची नोटीस निघते तेव्हा १५ दिवसांत हरकत घ्या, मुदत गेली तर प्रांताकडं अपील असतं. अन् फेरफार मंजूर झाला म्हणजे हक्क गेला असं नाही, सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी ठरवणारं शेवटचं ठिकाण दिवाणी कोर्ट. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेल्या पण नोंदणी न झालेल्या हक्कसोडीनं जमिनीतला हक्क सुटत नाही. नोंदणी झालेली मात्र सहजी मोडत नाही, फसवून घेतली असेल तर फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत कोर्टात जावं लागतं, म्हणून सही करायच्या आधी कागद घरी आणा, कोणाकडून तरी वाचून घ्या, दोन दिवस जाऊ द्या. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, १९८७ च्या कायद्यानं बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, १५१०० हा फोन नंबर आहे. अन् वाटा मागितला म्हणून भावकीनं किंवा जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर त्याच्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा.

आणि हे सगळं कळून-सवरून एखादी बहीण म्हणाली की मला नको, भावाला राहू दे, तर तो तिचा हक्कच आहे, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. सोडणं हाही हक्काचाच भाग. फक्त आधी तो तिच्या हातात पडला पाहिजे.

आता माझं. २०१२ ला आईनं दोघींना सांगितलं, "करून द्या व बाई सही, भावाचं घर राहू द्या." त्यांनी करून दिली. मी दोघींना पैठणी-छाप साड्या घेतल्या, एसटी स्टँडवर रसवंतीत बसलो, हसत घरी आलो. चार एकर माझ्याकडं आलं अन् मला ते चुकीचं आहे असं वाटलंसुद्धा नाही. २०२१ मध्ये कोरोनात धाकटीचा नवरा गेला. सासरी जमीन नव्हतीच. दिवाळीनंतर तिच्या गावी गेलो तर ती घरी नव्हती, दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावानं कापूस वेचायला गेली होती, संध्याकाळी आली, बोटांना बोंडाचे ओरखडे, मला म्हणते, "बस न, चहा टाकतो." त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या बापाच्या वावरात तिचा स्वतःचा दोन एकर कापूस फुटला होता अन् ती मजुरीनं दुसऱ्याचा वेचत होती.

परत द्यायला गेलो तर कळलं की घ्यायला जेवढं सोपं होतं तेवढं परत करणं नाही. हक्कसोड रद्द कर म्हटल्यानं होत नाही, बक्षीसपत्र करावं लागतं, अन् मुलगा-मुलगी-बायकोला शेतजमीन बक्षीस दिली तर शुल्क नाममात्र, पण बहिणीला द्यायची तर सरकारी बाजारमूल्याच्या ३ टक्के मुद्रांक शुल्क अन् वरचा खर्च वेगळा. हे सरकारनं बदललं पाहिजे असं मला वाटतं, चूक दुरुस्त करणाऱ्या भावाला तरी दार स्वस्त ठेवा. बायकोशी यावरून घरात दोन महिने बोलणं चाललं, तिचंही खरं होतं, आमचीही दोन पोरं आहेत. शेवटी तिनंच विचारलं, तुमच्या बहिणीच्या ठिकाणी मी असती तर? अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी धाकटीच्या नावे दोन एकर झाले, यंदा तिनं त्यात तूर अन् सोयाबीन पेरलं, मी फक्त डवरणीला बैलजोडी दिली.

थोरलीचं सासर बरं आहे, तिनं कधी काही म्हटलं नाही. तिलाही मी सातबारा, जुन्या हक्कसोडीची कॉपी अन् हिशोबाचा कागद पाठवला, फोन करून म्हटलं बाई, तुझे पण दोन एकर आहेत, काय करायचं ते सांग. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाचून सांगतो."